पिल्लू विमानतळावर अडकलंय म्हणतात, अजून 8,900 पाठवू का?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शिक्षिकेचं हे पत्र. मुलगी आठवीत, एकुलती एक. शाळेतून आल्यावर संध्याकाळपर्यंत घरी एकटी असते आणि बऱ्याच दिवसांपासून कुत्र्यासाठी मागे लागली आहे. वडिलांचा ठाम नकार. वाढदिवस जवळ आला तसं आईने ठरवलं की पिल्लू आणूनच दाखवायचं, एकदा घरात आल्यावर कोण नाही म्हणतंय! फेसबुकवर जाहिरात दिसली: गोल्डन रिट्रीव्हर, 35 दिवसांचं, किंमत 7,000. विकणारा म्हणाला, मी फौजेत आहे, अंबाल्याला असतो, बदली झाली म्हणून पिल्लू चांगल्या घरी द्यायचंय. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. टोकनचे 1,500 गेले. मग ट्रान्सपोर्टचे 3,200. मग पिंजरा आणि विम्याचे 6,500, हे 'रिफंडेबल'. आता पिल्लू पुणे विमानतळावर क्वारंटीनमध्ये अडकलंय आणि सोडवायला 8,900 लागतील. न दिल्यास ते उपाशी मरेल आणि प्राण्यांवरच्या क्रूरतेचा गुन्हा तुमच्यावर लागेल, असा व्हॉइस मेसेज आला आहे. त्या विचारतात: "फसवणूक आहे असं मन सांगतं. पण खरंच पिल्लू तिथे असेल तर? पैशापायी एक जीव गेला तर? मी शाळेत मुलांना सायबर सुरक्षेबद्दल सांगते. हे घरी कोणत्या तोंडाने सांगू?"

नमस्कार ताई,

पैसे पाठवू नका आणि लगेच 1930 ला फोन करा, एवढं तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं होतं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण याच धाटणीची पत्रं अधूनमधून येतच असतात. कुत्र्याची जात आणि गावाचं नाव तेवढं बदलतं.

तुमच्या पत्रातला 'खरंच पिल्लू तिथे असेल तर?' हा प्रश्न सगळ्यांत आधी घेते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. तिथे पिल्लू नाही. हा माझा अंदाज नाही. त्या माणसाने सांगितलेली एकेक गोष्ट तपासली तर एकही टिकत नाही.

देशातल्या देशात नेलेल्या कुत्र्याला क्वारंटीन नसतं. ती व्यवस्था परदेशातून येणाऱ्या प्राण्यांसाठी असते, केंद्र सरकार चालवतं आणि दिल्ली, मुंबई, चेन्नईसारख्या मोजक्याच ठिकाणी आहे. अंबाल्याकडून पुण्याला निघालेल्या पिल्लाचा तिच्याशी संबंधच येत नाही. आणि सरकारी शुल्क कुणा 'कार्गो मॅनेजर'च्या खाजगी यूपीआयवर भरत नाहीत. विमानाच्या कार्गोने काहीही पाठवलं की एअर वे बिल निघतं. त्यावर 11 आकडी नंबर असतो, त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे, आणि तो टाकून माल कुठवर आला ते कंपनीच्या साइटवर बघता येतं. तुम्ही जोडलेल्या पावतीवर पिल्लाचा फोटो आहे, निळा गोल शिक्का आहे, 'अर्जंट' असं लाल अक्षरात लिहिलंय. तो नंबर तेवढा नाही. प्रवासाला निघालेल्या कुत्र्यासोबत पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो, प्राण्यांच्या वाहतुकीचे 1978 चे नियमच तसं सांगतात. तोही तुम्हाला कुणी दाखवलेला नाही.

आता वय बघा. 35 दिवस. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी केंद्र सरकारने 2017 साली नियम केले, त्यानुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे 56 दिवसांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. बाजारात महिनाभराची पिल्लं सर्रास विकली जातात हे खरं आहे. पण त्या वयात पिल्लू नुकतं कुठे आईच्या दुधावरून सुटत असतं, आणि खेळताना किती जोरात चावायचं हे ते भावंडांशी झटापट करूनच शिकतं. म्हणजे विकणारा खरा असता तरी हा व्यवहार नियमात बसणारा नव्हता. हे दोष देण्यासाठी सांगत नाही, पुढच्या वेळी जाहिरातीतलं वय वाचूनच पुढे सरकता यावं म्हणून सांगते.

गुन्ह्याच्या धमकीची तर कीवच येते. ज्या जनावराला तुम्ही पाहिलं नाही, ज्याचा ताबा कधी तुमच्याकडे नव्हता, त्याच्या उपासमारीबद्दल तुमच्यावर गुन्हा लागत नाही. जाता जाता, प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा 1960 चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय 10 ते 50 रुपये. हा दंड वाढवा म्हणून प्राणिप्रेमी मंडळी वर्षानुवर्षं ओरडत आहेत. तुमच्या ठगाला हे ठाऊक असतं तर त्याने दुसरी एखादी धमकी शोधली असती.

राहिलं ओळखपत्र. ते कदाचित खरंही असेल, पाठवणारा मात्र ज्याचं ते आहे तो नसणार. जवानांच्या कार्डांचे फोटो अशा टोळ्यांच्या हाती लागतात आणि मग त्याच कार्डावर जुनी गाडी, फ्रिज, भाड्याचा फ्लॅट आणि कुत्र्याचं पिल्लू सगळं विकलं जातं. तुमच्या जिल्ह्यात हे जास्त लागू पडतं. जिथे अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथे घरटी एक माणूस फौजेत असतो, तिथे 'मी फौजी' म्हटल्यावर कोण संशय घेईल? पण उपाय तुमच्याच दाराशी होता. गल्लीतल्या एखाद्या माजी सैनिकाला तो चॅट दाखवला असता तर 'आर्मी पार्सलने पिल्लू पाठवतो' या वाक्यालाच तो हसला असता.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीताकडे येते. शिकलेल्या बाईने फसायला नको होतं, असं तुम्ही तीनदा लिहिलंय. फसणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर लोभी, असं आपण धरून चालतो. लॉटरीच्या किंवा दामदुप्पट योजनेच्या बाबतीत ते थोडंफार खरंही असेल. इथे पकडलं गेलं ते तुमचं वात्सल्य. त्याच माणसाने 'फ्रिज विमानतळावर अडकलाय' म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच मागणीला फोन ठेवला असता. पिल्लू अडकलंय म्हटल्यावर ठेवता आला नाही. आकड्यांची चढण बघा: 1,500, मग 3,200, मग 6,500, आता 8,900. प्रत्येक पुढची रक्कम मोठी, आणि ती दिली नाही तर आधीचे पैसे बुडणार. 'रिफंडेबल' हा शब्द बरोबर तिथेच येतो जिथे माणूस थांबायला लागतो. आज 8,900 दिलेत तर उद्या जीएसटी निघेल, परवा औषधांचा खर्च. शेवटचा हप्ता असा यात नसतोच. तुमचे पैसे संपतात किंवा दया संपते तेव्हा तो थांबतो.

पिल्लाची किंमत 7,000 ठरली होती आणि तुमचे 11,200 जाऊन बसले आहेत, किंमत अजून द्यायचीच आहे. हा हिशोब आज एका कागदावर मांडा.

एका गोष्टीवर मात्र मी थोडं बोलणार आहे. हे सगळं तुम्ही नवऱ्यापासून लपवून केलंत. त्यांचा नकार टाळण्यासाठी ही युक्ती होती, आणि बऱ्याच घरांत ती चालतेही. पण 'सरप्राइज है मॅडम, किसी को मत बताना' असं तो माणूस तुम्हाला म्हणाला, असं तुम्हीच लिहिलंय. त्याला हेच हवं होतं. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कानावर हा व्यवहार गेला असता तर 'बघायला कधी जायचं?' एवढा एक प्रश्न नक्की आला असता, आणि त्या प्रश्नापुढे ही गोष्ट टिकलीच नसती.

म्हणून आज रात्री सांगा. मुलगी झोपल्यावर, फोन समोर ठेवून, आकड्यांसकट. 'तुम्हीच नाही म्हणत होतात म्हणून' अशी सुरुवात करू नका. ते रागावतील, रागावू द्या. लपवण्यासारखं तसंही काही उरलेलं नाही: तक्रारीत खात्याचा तपशील द्यावा लागतो, पोलीस ठाण्यातून फोन येऊ शकतो, बँकेत जावं लागेल. राग ओसरला की त्यांच्या नकारामागचं कारणही एकदा नीट ऐकून घ्या. सकाळी सहाला फिरवायला कोण नेणार, सुट्टीत गावी जाताना कुठे ठेवणार, महिन्याचा खाण्याचा आणि डॉक्टरांचा खर्च किती, हे त्यांचे प्रश्न असतील तर ते रास्त आहेत. गोल्डन रिट्रीव्हर दहा-बारा वर्षं जगतो. तुमची लेक कॉलेजसाठी बाहेर पडेल तेव्हा तो जेमतेम अर्ध्या वयाचा असेल आणि तुमच्या दोघांकडे राहील. संध्याकाळी घरी एकट्या असलेल्या मुलीला सोबत हवी हे मला पटतं. ती सोबत दोन महिन्यांच्या पिल्लाने होते की नाही, याबद्दल मात्र शंका आहे. तेवढं पिल्लू सोबत करत नाही, त्यालाच दिवसभर सोबत लागते.

तक्रारीबद्दल. 1930 हा गृह मंत्रालयाचा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं, आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती गोठवली जाते. सगळी मदार 'असेल तर'वर आहे. ही खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात, पैसे काही तासांत पुढे सरकतात, म्हणून पहिला तास फार मोलाचा. तुमचा शेवटचा व्यवहार चार दिवसांपूर्वीचा आहे, तेव्हा मोठी आशा लावत नाही. तरीही फोन करा, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर लेखी तक्रारही टाका. प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर (ओळख) क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, समोरच्याचे नंबर आणि यूपीआय आयडी, व्हॉइस मेसेज हे सगळं आधी जपून ठेवा आणि मगच त्याला ब्लॉक करा. रागाच्या भरात चॅट डिलीट करणारे बरेच असतात. 'तुझी तक्रार करते' असं त्याला कळवायच्या फंदातही पडू नका.

बँकेकडून भरपाई मिळेल का, हेही तुम्ही विचारलंय. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा जो नियम लोक दाखवतात तो ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पिन तुम्ही स्वतः टाकला, त्यामुळे त्याचा आधार मिळणं कठीण. गुन्हा मात्र हा आहेच: भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 डी दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवल्याचं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. रक्कम लहान म्हणून पोलीस टाळाटाळ करतील, तरी लेखी तक्रार सोडू नका. त्याच खात्याविरुद्ध दहा जणांच्या तक्रारी जमल्या की प्रकरण हलतं.

आता ज्यांना पिल्लू घ्यायचंय अशा सगळ्यांसाठी. जाहिरातीच्या भाषेने भुलू नका. 'हेवी बोन', 'शो क्वालिटी', 'चॅम्पियन लाइन', 'केसीआय पेपर के साथ' हे शब्द खरे विक्रेतेही वापरतात आणि खोटेही. फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा, तेच पिल्लू एकाच वेळी लुधियाना, कोची आणि इंदूरमध्ये विकायला असलेलं सापडतं. व्हिडिओ कॉल मागा, पण तोही पुरावा मानू नका. दुसऱ्याच्या केनेलमध्ये उभं राहून कॉल करता येतो, रेकॉर्ड केलेला व्हिडिओही चालवता येतो. लसीचं कार्ड पाठवलं तर तारखा वाचा. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांना देतात, नंतर काही आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, आणि रेबीजची साधारण तीन महिन्यांना. '35 दिवसांचं, फुल्ली व्हॅक्सिनेटेड' हे वाक्य त्यामुळे आपोआप खोटं ठरतं. कार्डावर शिक्का असलेल्या डॉक्टरांचा नंबर स्वतः शोधा आणि विचारा, विक्रेत्याने दिलेल्या नंबरवर नको. 'पेपर' म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं (केसीआय) नोंदणीपत्र. ते असेल तर त्यावरचा 15 आकडी मायक्रोचिप नंबर आणि पिल्लाच्या अंगातली चिप एकच आहे ना, हे कुठलाही पशुवैद्य स्कॅनर फिरवून सांगू शकतो. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, हा प्रश्न फोनवरच टाका. नुसत्या त्या प्रश्नाने बरेच फोन बंद होतात.

पण या सगळ्या खुणांपेक्षा मला एक खूण जास्त भरवशाची वाटते. पिल्लं जिवापाड वाढवणारा माणूस तुम्हालाच प्रश्न विचारतो. घर फ्लॅट आहे की बंगला, दिवसा घरी कोण असतं, आधी कुत्रा पाळलाय का, घरातले सगळे तयार आहेत का. तुम्हाला नाकारायची त्याची तयारी असते. तुमचा अंबाल्याचा फौजी पहिल्या पाच मिनिटांत काय विचारत होता? गूगल पे है की फोन पे.

आणि मग जायचंच. पिल्लू जिथे जन्मलं तिथे जाऊन, त्याला त्याच्या आईजवळ पाहून, हातात घेऊन, मग पैसे. जायच्या आधी टोकनसुद्धा नाही. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2020 पासून हा कायदाच आहे: सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मध्यस्थाने विकायचं नाही, घेणाऱ्याने ते आईसोबत पाहून थेट पाळणाऱ्याकडून घ्यायचं. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी याची आठवण ठेवावी. अमेरिकेतल्यांनीही, कारण तिथे खोट्या केनेलच्या देखण्या वेबसाइटचा धंदा जोरात असतो. 2022 मध्ये बॅसेट हाउंड जातीच्या कुत्र्याची न असलेली पिल्लं विकणाऱ्या, कॅमेरूनमध्ये बसलेल्या एका माणसाविरुद्ध खुद्द गूगलला कॅलिफोर्नियात दावा लावावा लागला होता.

'इतक्या लांब कसं जाणार?' असा प्रश्न येईल. मग इतक्या लांबून घेऊ नका. विक्रेता खरा निघाला तरी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून रात्रभर हिंदकळत आलेल्या पिल्लाचं काय होतं ते पशुवैद्यांना विचारा. 'हायवेवर भेटा, तिथे देतो' म्हणणारेही यातलेच. त्यांचं पिल्लू खरं असतं, पण कुठून आणलं ते दाखवायचं नसतं. आठवड्याभरात उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात, पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा आजार निघतो, आणि मग विक्रेत्याचा फोन लागत नाही. त्यात फसलेल्यांच्या हातात तर औषधांची बिलं आणि मेलेलं पिल्लू दोन्ही उरतं.

घरचे तयार झाले तर जातिवंतच हवा का, हा प्रश्नही एकदा जेवताना काढून बघा. पुण्यात रेस्क्यू, मुंबईत वर्ल्ड फॉर ऑल आणि योडा अशा संस्था सोडवलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देतात. त्याही तुम्हाला भरपूर प्रश्न विचारतील. लहान पिल्लापेक्षा दीड-दोन वर्षांचा, स्वभाव कळलेला कुत्रा तुमच्या लेकीला जास्त सोबत करेल असं मला वाटतं. साताऱ्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही विचारून ठेवा. एखाद्या घरचा कुत्रा द्यायचा असला की डॉक्टरांना आधी कळतं. फक्त 'फ्री अडॉप्शन, ओन्ली ट्रान्सपोर्ट चार्ज' अशी पोस्ट दिसली तर लांबच राहा. ती हीच टोळी असते.

मुलीला सांगायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. माझ्या मते सांगावं. तेरा वर्षांची मुलगी रोज असल्याच जाहिराती बघत असते. आणि शाळेत तुम्ही तो तास घेता तेव्हा हे प्रकरण नाव न घेता सांगितलंत तर मुलं एरवीपेक्षा जास्त लक्ष देतील.

शेवटी एक सावधगिरी, ही पुढच्या काही आठवड्यांसाठी. आता तुम्हाला दुसऱ्या नंबरवरून फोन येईल. 'सायबर सेलमधून बोलतोय' किंवा 'रिफंड डिपार्टमेंट, तुमचे 11,200 मंजूर झालेत, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.' कधी थोडी 'फाइल फी' मागतील. तुमचा नंबर आणि गेलेली रक्कम त्यांना माहीत असते, कारण ही बहुतेक वेळा तीच माणसं असतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. असा फोन आला तर नंबर लिहून घ्या, ठेवून द्या, आणि आधीच्याच तक्रार क्रमांकाचा दाखला देऊन 1930 ला कळवा.